आंबटाला पितळ दाखवू नये

शीलाचं नाक पंचक्रोशीत नावाजलेलं होतं. देवरुखच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला तिचं सासर. तिथे कुणाची आंबील फसली, कुणाच्या लोणच्याला बुरा आला, की बरणी उचलून तिच्या अंगणात आणत. ती झाकण काढायची, एकदाच हुंगायची आणि सांगायची, "दोन दिवस उन्हात ठेव." नाहीतर, "म्हशीला घाल." तिसरं वाक्य नसायचं. सासू म्हणायची, देवाने हिला रूप देताना हात आखडला आणि उरलंसुरलं सगळं नाकात ओतलं. शीलाला या बोलण्याचा राग कधी आला नाही. रूप काय, कुणाच्याही वाट्याला येतं.

आणि अशा बाईला नवरा मिळाला तो नाक गमावलेला. उत्तम डोंबिवलीत रंगाच्या कारखान्यात बावीस वर्षं राबला. निवृत्त होताना कारखान्याने त्याला भिंतीवरचं एक घड्याळ दिलं आणि त्याचं नाक ठेवून घेतलं. गॅस सुटला तरी त्याला कळायचं नाही. भात करपला तर धूर डोळ्यांत जाईपर्यंत तो पेपर वाचत बसायचा. शीला कामावरून घरी आली की पाण्याचा तांब्या पुढे करत तो रोज एकच विचारायचा, "आज कसला वास होता?" आणि शीला सांगायची. पुढे कमीजास्त काही बोलणं होवो न होवो, हे एवढं चुकत नसे. "आज जांभळाच्या सालीचा. खाली ओल्या गोणपाटाचा. आणि अगदी तळाला, तुमच्या आईच्या माजघरातला." उत्तम डोळे मिटून ऐकायचा. जेवण झाल्यासारखा त्याचा चेहरा व्हायचा.

हे वास ती ठाण्यातल्या बाळकुमहून आणायची. तिथे 'खाजण' होतं.

खाजण म्हणजे आंबट बिअरची भट्टी. जागा काळुरामची. काळुराम जुना, मूळचा गाववाला. त्याचा बाप मिठागरावर मीठ ओढून गेला, आणि त्याने स्वतः भात लावला तो खाडीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या खाजणात. आता भाताच्या जागी तीस-तीस मजल्यांच्या इमारती उभ्या होत्या. मध्ये एवढं एक पत्र्याचं गोडाऊन उरलेलं. त्याचा मुलगा नयन परदेशात इंजिनीअरिंग शिकायला गेला आणि दोन वर्षांनी आंबट बिअरचं वेड घेऊन परतला. काळुराम दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "माझा पोऱ्या एवढा पैसा खर्चून गेला न् नासलेली दारू शिकून आला." पण गोडाऊन त्यानेच दिलं, आणि उद्घाटनाचा नारळही त्यानेच फोडला.

शीला तिथे लागली ती लादी पुसायला. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. नयनने परदेशातून आणलेलं विरजण पहिल्याच मे महिन्यात मेलं. दह्याला विरजण लागतं तसंच या बिअरलाही लागतं. ते जिवंत असेल तर आंबटपणा येतो, मेलं की नुसतं कडवट पाणी. नयनला ते मेलेलं कळलं नव्हतं. शीला फडकं पिळता पिळता टाकीपाशी थांबली आणि म्हणाली, "साहेब, ह्याला नखं रंगवायच्या बाटलीचा वास येतोय. हे गेलं."

 आठ दिवसांनी परदेशातल्या तज्ज्ञाने फोनवर तेच सांगितलं, आणि त्याने त्याचे पैसे घेतले.

मग शीलाने घरून काचेच्या बाटलीत विरजण आणलं. नाचणीच्या आंबिलीचं, वर कोकमाच्या चार ओल्या साली टाकलेलं. सासूने तिला लग्नानंतर दिलेलं, सासूला तिच्या सासूने. ते नयनच्या माल्टच्या गोड पाण्यात पडलं आणि तिसऱ्या दिवशी बुडबुडे धरायला लागलं. त्यातून जी बिअर निघाली तिने खाजणला नाव मिळवून दिलं. करवंदाची, जांभळाची, चिंचेची. घोडबंदर रोडवरून, पवईहून, कुठून कुठून पोरंपोरी यायची आणि पहिल्या घोटाला डोळे बारीक करून हसायची. शीलाचं लादी पुसणं सुटलं. मंगळवारी आणि शनिवारी विरजणाला खाऊ घालायचं, रोज हुंगायचं, आणि त्याच्या आसपास कुणाला फिरकू द्यायचं नाही, हे तिचं काम झालं. अकरा वर्षांत तिने एक थेंबसुद्धा स्वतः चाखला नाही. नाकाला सगळं कळतं, जिभेला कशाला त्रास, म्हणायची.

पुढचं कळायला आधी कमलेशची गोष्ट ऐकली पाहिजे.

कमलेश तिच्या हाताखाली होता. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, कामाला वाघ. एके दिवशी घाईत त्याने विरजण ढवळायला पितळेचा डाव घेतला. घराघरांत असतो तसा, कल्हई उडालेला. दोन वेळा फिरवला असेल नसेल. शीलाला पलीकडच्या खोलीत वास लागला. ती आली, त्याच्या हातातून डाव घेतला आणि अख्खी टाकी त्याच्या देखत गटारात सोडायला लावली. वेगळं राखलेलं विरजण होतं म्हणून निभावलं.

"मावशी, चुकून झालं," कमलेश म्हणाला.

"आंबटाला पितळ दाखवू नये, हे पाळण्यातल्या पोराला कळतं. कल्हई नसली की आंबट कळकतं. त्याचं विष होतं. तुझ्या आईने तुला शिकवलं नाही?"

"आई लहानपणीच गेली, मावशी."

"मग बायकोने शिकवायचं."

तिने नयनला सांगितलं, हा राहील नाहीतर मी राहीन. नयनला निवड करायला फार वेळ लागला नाही. कमलेश फाटकापाशी डब्याची पिशवी धरून अर्धा तास उभा होता, बोलावतील म्हणून. शीलाने खिडकीतून त्याला पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. विरजणाला वारा लागत होता, असं तिने सांगितलं.

असं सगळं चाललेलं असताना काळुरामने उरलेली जागाही बिल्डरला दिली. सखुबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, म्हणे दोन दिवस चूल पेटवली नाही; पण सह्या झाल्या. नयनने आरडाओरडा केला नाही. त्याचंही वय आता चाळीस झालेलं, आणि त्या टॉवरमधे त्याला तीन फ्लॅट मिळणार होते. त्याने फोनवर एक मजकूर लिहून टाकला, की रविवारी खाजण बंद होतंय. लोक हळहळले. एका मुलीने लिहिलं की माझं तारुण्य संपलं. तिचं वय सव्वीस होतं.

शीलाला नयनने बाजूला बोलावलं.

"मावशी, एक मोठी कंपनी आपलं नाव घेतेय. भिवंडीच्या बाजूला त्यांचा प्लांट आहे. खाजण तिथे बनणार."

"आणि विरजण?"

नयनने फोनमध्ये बघितलं. "तेही जाणार. तुम्हीच घेऊन या गुरुवारी. मी सांगितलंय त्यांना तुमच्याबद्दल."

शीलाला एवढंच हवं होतं. नोकरी तर हवीच होती, पण त्याहून मोठी गोष्ट ही, की अकरा वर्षं जगवलेलं आणि त्याच्याआधी दोन पिढ्यांनी जगवलेलं ते विरजण तिच्या हाताने नव्या घरी पोहोचावं, आणि तिथेही त्याला ओळखणारं नाक तिचंच असावं. त्या दिवशी तिने उत्तमला वास सांगितला नाही. म्हणाली, "गुरुवारी सांगते. नव्या जागेचा."

नयनने विरजण न्यायला काचेच्या दोन बरण्या काढून ठेवल्या होत्या. शीलाने त्या परत कपाटात ठेवल्या.

"लेक सासरी धाडताना कुणी लोणच्याच्या बरणीतून धाडतं का?"

तिच्याकडे सासूचा पितळेचा कडीचा डबा होता. जाड, घाटदार, झाकणावर नक्षी. याच डब्यातून सासूने पहिलं विरजण तिच्या हातात ठेवलं होतं. आतली कल्हई मात्र कधीच उडून गेली होती. कल्हई करून घ्यायची, एवढंच. पण डोंबिवलीत कल्हईवाला आता कुठे मिळतो? चार दिवस शोधलं. शेवटी कुणीतरी सांगितलं, ठाण्यात खोपटला, एसटी डेपोच्या भिंतीला लागून एक म्हातारा बसतो.

रविवारी सकाळी ती तिथे गेली. म्हाताऱ्याने डबा फिरवून पाहिला, वाजवून पाहिला.

"असा डबा आता बनत नाही, बाई."

"बनत नाही म्हणूनच आणलाय. कल्हई नीट करा. आंबट ठेवायचंय."

"बसा. तासभर लागंल."

ती बसली. त्याने भाता काढला, कोळसे मांडले. तेवढ्यात नयनचा फोन आला. "मावशी, कुठे आहात? सगळे शेवटच्या फोटोला थांबलेत. तुमच्याशिवाय काढणार नाही म्हणतायत."

शीला उठली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नाकावाचून नव्हे, तिच्यावाचून कुणाचं तरी अडलं होतं. कल्हई डोळ्यासमोर करून घ्यावी, हे तिला ठाऊक होतं. सासू तर कल्हईवाल्याच्या समोर पाट टाकून बसायची. पण खोपटहून बाळकुम असं किती लांब. ती रिक्षात बसली.

बाळकुमला शंभरेक माणसं होती. तिला मधे उभं केलं. कुणीतरी गळ्यात हार घातला, कुणीतरी हातात भरलेला ग्लास दिला आणि म्हणालं, मावशी, स्माईल. ती हसली. दुसऱ्या दिवशी सून समीक्षाने फोनवर तो फोटो शोधून काढला. त्यात नयन होता, पोरंपोरी होती, आणि डाव्या कडेला ग्लास धरलेला एक हात होता. बांगड्यांवरून शीलाने तो ओळखला.

फोटो काढून ती खोपटला परत आली तेव्हा डबा तयार होता. आत चंद्रासारखा लखलखत होता. तिने तो नाकाशी नेला. कल्हई केलेल्या भांड्याला नवसागराचा वास येतो, धुरकट, नाकात झोंबणारा. तो भांडं धुतलं तरी दिवसभर जात नाही. या डब्याला तो नव्हता.

"नवसागर घातला ना हो?"

"घातला की. तुम्ही तिकडं गेलात तवा. वाऱ्याने उडाला वास."

एरवी कुणी असं सांगितलं असतं तर शीलाने डबा त्याच्या डोक्यात घातला असता. पण आत तिचा स्वतःचा चेहरा दिसत होता आणि गळ्यात अजून हार होता. हाराच्या झेंडूचा वास नाकात भरलेला असेल, असं तिने मनाला सांगितलं. म्हाताऱ्याने कथील वापरलंच नव्हतं. कसलीशी पांढरी भुकटी चोळून त्याने डबा चमकवला होता. हे तिला कळलं, पण गुरुवारी.

दुपारी बाळकुमला जाऊन तिने मंगळवारच्या खाऊसकट विरजण डब्यात भरलं. झाकण लावून भोवती कणीक थापली. जातं विरजण वाटेत उघडू नये, नजर लागते, हवा लागते. पोहोचल्यावरच उघडावं, ही सासूची रीत. मोठ्या टाकीत अजून तीस-चाळीस लिटर उरलं होतं. टाक्या भंगारवाल्याला जाणार होत्या, उद्या त्या धुवायला त्यांत कॉस्टिक सोडणार होते.

तेव्हा कमलेश आला. तीन वर्षांनी. हातात पाण्याची रिकामी बाटली.

"मावशी, बरं आहे ना?"

"बरं न असायला काय झालं."

"मी आता त्या कंपनीतच आहे. भिवंडीला. टाक्या धुतो." तो थोडा थांबला. "तिथे ह्याची कुणाला गरज नाही, मावशी. मी बघतो ना रोज. मला एक बाटली द्या. घरी जगवीन. तुमचं काही चुकलंमाकलं, तर माझ्याकडे असेल."

शीलाला शेवटचं वाक्य लागलं. आधीची तिच्या कानात शिरलीच नाहीत.

"माझं चुकेल, आणि तू जगवशील?"

"तसं नाय म्हणालो मी."

"दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत कुणाला."

कमलेशने वर, पत्र्याच्या भोकांतून येणाऱ्या उन्हाकडे पाहिलं. "मावशी, चार वाजलेत दुपारचे."

"माझ्या घरी दिवा लागलाय."

आणि त्याच्या समोरच तिने टाकीचा खालचा नळ उघडला. एका विरजणाचे दोन संसार नकोत, म्हणाली. जांभळट पाणी त्याच्या चपलांच्या कडेने वाहत गटारात गेलं. कमलेशने पाय मागे घेतले, बाटलीचं बूच लावलं आणि गेला. या वेळी फाटकापाशी थांबला नाही.

चार दिवस डबा डोंबिवलीच्या खोलीत कॉटखाली होता. उत्तम त्यावर ओलं फडकं टाकायचा, दर दोन तासांनी, घड्याळ बघून. बुधवारी कणकेच्या कडेला एक हिरवट रेघ उमटली. उत्तमने ती पाहिली आणि बोटाने पुसली. त्याला वाटलं कणकेला बुरशी धरली असेल. हुंगून पाहणं त्याच्या हातचं नव्हतं, आणि शीलाने मुद्दाम डब्याजवळ जायचं टाळलं होतं. लग्नघरात नवऱ्या मुलीला सारखं बघू नये, तसं.

गुरुवारी ती हिरवी नऊवारी नेसून, डबा मांडीवर घेऊन बसने भिवंडीच्या बाजूला गेली. प्लांट मोठा. एका थंडगार खोलीत कंपनीचे साहेब होते, सुदेश नावाचे; पांढरा कोट घातलेली ऋजुता नावाची मुलगी होती, ती तिथली तपासनीस. नयनही आलेला, फोन बघत. टेबल पुसायला कमलेश होता.

"वॉव," ऋजुता डबा बघून म्हणाली. "किती सुंदर आहे हा. एक फोटो घेऊ, मावशी?"

"घ्या."

तिने चार बाजूंनी डब्याचे फोटो घेतले. मग शीलाने कडी काढली, वाळलेली कणीक फोडली आणि झाकण उचललं.

नाक आधी पोहोचलं. जुन्या नाण्याचा वास. ओठ फाटला की जिभेला लागतो तसा. मग डोळे पोहोचले. आतली चकाकी सोलून तरंगत होती, पितळ उघडं पडलं होतं, आणि विरजण मोरचुदासारखं हिरवंनिळं झालं होतं. एक बुडबुडा नव्हता.

 शीलाने कमलेशकडे पाहिलं. जगात एवढा एकच माणूस होता ज्याला आत्ता काय झालं ते पूर्ण कळलं होतं. तिला वाटलं, हा आता ते वाक्य बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं. कमलेश पुढे आला, दोन्ही हातांनी डबा उचलला, कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये उपडा केला आणि वरून नळ सोडला. पाणी गेल्यावर डबा फडक्याने कोरडा करून त्याने तो तिच्यापुढे ठेवला.

"काय झालं? खराब झालं का?" सुदेशसाहेबांनी विचारलं.

"कळकलं," शीला म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला नाही. "माझ्या हातून मेलं. साहेब, अकरा वर्षं... त्याच्या आधी सासू, तिची सासू..."

"अहो, टेन्शन घेऊ नका. आम्हाला ते तसंही लागणार नव्हतं."

शीलाने वर पाहिलं.

"आम्ही आंबटपणा वरून टाकतो ना," ऋजुता तिला समजेल अशा बेताने, गोडीने सांगू लागली. "ॲसिड येतं तयार, कॅनमध्ये. दर वेळी चव एकसारखी. हे जिवंत वगैरे सांभाळणं म्हणजे फार कटकट असते, मावशी. आम्ही फक्त नाव घेतलंय."

"नयनसाहेब?" शीला म्हणाली.

नयनने फोन खिशात ठेवला. "मावशी, तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून बोललो नाही. म्हटलं, घेऊन येतील, त्यांनाही बरं वाटेल. इथे कुणीतरी ठेवून घेतलं असतं." मग सुदेशकडे वळून, "मी तुमच्या कामाचं विचारलंय. आहे ना, सुदेश?"

"आहे की. हाउसकीपिंगला जागा आहे. लादी वगैरे. तुम्हाला अनुभव आहे ना?"

"आहे," शीला म्हणाली.

तिने ती नोकरी धरली. धरली नसती तर गोष्ट सांगायला सोपी झाली असती. पण उत्तमला औषधं लागत होती आणि नातीच्या, सान्वीच्या शाळेची बस होती. कमलेश तिचा मुकादम झाला. तो तिला कधी वेडंवाकडं बोलला नाही. 'मावशी'च म्हणायचा. पुसलेल्या लादीवर एकदा नजर टाकायचा आणि कोपरा राहिला असेल तर बोटाने दाखवायचा. तिसरं काही नसायचं.

पाच महिन्यांनी नवं खाजण बाजारात आलं. कामगारांना एकेक डबा फुकट दिला. पातळ, गार, रंगीत. त्यावर चित्र होतं: जाड, घाटदार, नक्षीच्या झाकणाचा पितळेचा कडीचा डबा. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलेलं, तीन पिढ्यांचं विरजण.

शीलाने तो घरी नेला. उत्तमने पाण्याचा तांब्या पुढे केला, टेबलावरचा डबा हातात घेऊन बराच वेळ पाहिला, आणि चष्मा काढला.

"हा आपला डबा आहे, अगं."

"हो."

त्याने टॅब ओढली. फस्स झालं. त्याने डबा तिच्यापुढे सरकवला, खुर्चीला पाठ टेकली आणि सवयीने डोळे मिटले. गेल्या पाच महिन्यांत त्याने विचारलं नव्हतं.

"आता सांग. कसला वास आहे?"

शीलाने डबा नाकाशी नेला. एकदा हुंगला. मग, आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं, पुन्हा एकदा हुंगला.

"तुम्हाला येतो," ती म्हणाली, "तेवढाच."